अर्धी बाटली

सुगंधी तेल वापरून संपवणारी माणसं थोडी आणि जपून ठेवून वाया घालवणारी जास्त, असं माझं आता ठाम मत झालंय. आपल्याकडे महागाची वस्तू घरात आली की ती आधी ठेवणीतली होते. ठेवणीतली साडी, ठेवणीतला चांदीचा पेला आणि ठेवणीतलं तेल. साडीचं डांबरगोळ्यांवर भागतं. तेलाचं भागत नाही. लव्हेंडरची नाहीतर संत्र्याच्या तेलाची 15 मिलीची बाटली कुणीतरी भेट देतं, आपण सणावाराला दोन थेंब काढतो, बूच घट्ट लावतो आणि ती कपाटात सुखरूप आहे असं समजतो. बाटली निम्म्यावर आली की खरी पंचाईत सुरू होते, कारण उरलेली निम्मी जागा हवेने भरलेली असते.

मी घरी साबण करते, दिवाळीच्या आधी ओळखीपाळखीत उटणं देते, त्यामुळे माझ्याकडे बाटल्यांचा पसारा भरपूर. येणाऱ्या मैत्रिणी विचारतात ते तेल कुठून आणतेस. कशात ठेवतेस, असं सहसा कुणी विचारत नाही. खरं तर तेल कितीही चांगल्या ठिकाणाहून आणा, पुढचे सहा महिने ते ज्यात राहणार त्यावर त्याचं सगळं अवलंबून असतं.

संत्र्याचंच बघा. सालीच्या तेलात 90 टक्क्यांहून जास्त लिमोनिन नावाचं द्रव्य असतं. ताजं असताना त्याचा फारसा त्रास नाही. हवेतला प्राणवायू त्याच्याशी जोडला जाऊ लागला की हायड्रोपेरॉक्साइडं तयार होतात, आणि कातडीवर खाज, लाली, पुरळ उठवणारी ॲलर्जी प्रामुख्याने त्यांच्यामुळे होते. लव्हेंडरमधल्या लिनालूलचीही तीच गत. म्हणून युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर ही दोन नावं वेगळी छापावी लागतात. अंगावर राहणाऱ्या क्रीममध्ये 0.001 टक्क्याच्या वर आणि धुऊन टाकायच्या साबण-शाम्पूत 0.01 टक्क्याच्या वर प्रमाण गेलं की छापणं बंधनकारक. आपल्याकडे मात्र 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' या एका वाक्यावर पाच वर्षांपूर्वीचं तेल बाळाच्या मालिशच्या वाटीत पडतं.

जुनं झालेलं तेल ओळखता येतं. संत्र्याच्या तेलाला फळाचा वास कमी आणि वार्निशचा जास्त यायला लागतो, बाटलीच्या तोंडाशी पिवळट चिकट कड धरते, झाकण फिरवताना करकरतं. एवढं झालं की ते अंगाला लावायचं नाही. ढोबळ मानाने लिंबू-संत्र्याच्या जातीची तेलं वर्षभरात संपवावीत, निलगिरी-लव्हेंडर दोन-तीन वर्षं चालतात. चंदन, वाळा, पचौली ही मंडळी वेगळ्या घराण्यातली. त्यांचे रेणू जड, उडायला आळशी. वाळ्याचं तेल काकवीइतकं दाट असतं, बाटली उलटी केली तरी थेंब विचार करून खाली येतो. ही तेलं चांगली ठेवली तर वर्षागणिक मऊ, गोल होत जातात. ठेवणीत टाकायची हौसच असेल तर यांच्यावर भागवावी.

निम्मी झालेली बाटली सांभाळायची तर तेल लहान बाटलीत काढायचं, इतकं सोपं उत्तर आहे. होमिओपॅथीचं सामान विकणाऱ्या दुकानांत 5 आणि 10 मिलीच्या तपकिरी काचेच्या कोऱ्या बाटल्या मिळतात, अगदी स्वस्तात. मोठी बाटली आणली की पहिल्याच दिवशी ती चार लहान बाटल्यांत गळ्यापर्यंत भरायची आणि एका वेळी एकच उघडायची. लहान बाटली हाताशी नसेल तर काचेच्या गोट्या. धुऊन खडखडीत वाळवलेल्या गोट्या एकेक करून आत सोडल्या की तेलाची पातळी वर चढते आणि हवा बाहेर जाते. घरातली मुलं गोट्या खेळत नाहीत आताशा, तेवढाच त्यांना उद्योग. वाळवणं मात्र मनापासून करायचं. बाटली गरम पाण्याने धुतली आणि पुसल्यासारखी दिसली तरी तिच्या खांद्याशी पाण्याचा अंश राहतो. त्याने तेल गढूळ होतं आणि काही तेलांतले घटक त्या पाण्याने हळूहळू तुटतात. मी बाटल्या दिवसभर उन्हात पालथ्या ठेवते आणि पावसाळ्यात नवं तेल भरायचं काम काढतच नाही.

कनौजचे अत्तरवाले याच पाण्याशी पिढ्यान्‌पिढ्या झगडत आले आहेत. गंगेकाठच्या त्या गावात फुलं आणि पाणी तांब्याच्या डेगेत घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात, आणि बांबूच्या नळीतून वाफ थंड पाण्यात बसवलेल्या भपका नावाच्या भांड्यात उतरवतात. भपक्यात चंदनाचं तेल असतं, ते सुगंध पिऊन घेतं. सगळं झाल्यावरही अत्तरात थोडं पाणी राहतंच. त्यासाठी कुप्पी. कातड्याची फुगीर बाटली, पूर्वी उंटाच्या कातड्याची. अत्तर भरलेल्या कुप्प्या उन्हात ठेवतात. कातड्याच्या छिद्रांतून पाण्याचा अंश उडून जातो आणि तेल आत राहतं. म्हणजे हे भांडं साठवण्याचं आहे आणि गाळण्याचंही. हे वाचून कुणी लव्हेंडरची बाटली उन्हात ठेवू नये म्हणून सांगते: चंदनाच्या बैठकीवरचं अत्तर आणि नुसतं हलकं तेल यांचे स्वभाव वेगळे. एकाला मानवतं ते दुसऱ्याला मारतं.

धातूचं प्रकरण मला आमच्या खानदेशामुळे कळलं. माझं माहेर धुळ्याचं. आमच्या आत्या गुडघ्यांना तिखाडीचं तेल चोळायच्या. तिखाडी म्हणजे एक गवत; पुस्तकात त्याला रोशा गवत म्हणतात. नंदुरबार, तळोदा, पिंपळनेरच्या बाजूला डोंगरात हे गवत उगवायचं आणि भट्ट्या लावून त्याचं तेल काढलं जायचं. गवताच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया. मोतियाचं तेल उंची, त्यात जिरॅनिऑल भरपूर, त्यामुळे वास गुलाबाकडे झुकणारा. एकोणिसाव्या शतकात हे तेल मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे आणि तिथून इस्तंबूलला जाई. तिथे त्याला इद्रिस यागी म्हणत. पुढे ते खरोखरीच्या गुलाबतेलात भेसळ म्हणून मिसळलं जाई, त्याआधी लिंबाचा रस लावून आणि ऊन दाखवून त्याचा उग्रपणा काढत. युरोपातले व्यापारी त्याला तुर्की जिरॅनियम तेल म्हणत, ते ना तुर्कस्तानचं ना जिरॅनियमचं. आमच्या डोंगरातल्या गवताने बल्गेरियाच्या गुलाबाचं सोंग घेऊन पॅरिस गाठलं, याचा मला थोडा अभिमान वाटतो. भेसळीचा वाटू नये, पण वाटतो.

तर ते तेल तिकडे पोचायचं ते कल्हई केलेल्या तांब्याच्या मोठ्या गोलमटोल भांड्यांतून. एकेका भांड्यात साधारण 120 पौंड तेल. बल्गेरियातलं गुलाबतेलही कल्हईच्याच तांब्याच्या चपट्या सुरयांतून बाहेर पडायचं. या तेलाबद्दल वाचताना कल्हई हा शब्द दिसला आणि धुळ्याची गल्ली डोळ्यांपुढे आली. कल्हईवाला भाता फुंकून पातेलं लालबुंद होईस्तोवर तापवायचा, नवसागराची चिमूट टाकायचा, भस्सकन पांढरा धूर उठायचा, मग कथलाची कांडी तळाला टेकवून कापसाच्या बोळ्याने झर्रकन फिरवायची की काळं पातेलं आतून चांदीसारखं. आई म्हणायची, कल्हई उडाली की आमटी कळकते. तेलाच्या व्यापाऱ्यांचा हिशेब तोच. तांब्या-लोखंडाच्या संगतीत तेल भराभर जुनं होतं. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल लोखंडाच्या नुसत्या सहवासाने काळपट पडतं. रूह खसचा, म्हणजे वाळ्याच्या तेलाचा, हिरवा रंग मुळांचा म्हणून लोक कौतुकाने बघतात, तो डेगेच्या तांब्याचा असतो. कथील मात्र तेलाच्या भानगडीत पडत नाही. म्हणून आत कथलाचं अस्तर आणि बाहेर तांब्याची ताकद.

आज त्या जागी आतून लाख किंवा इपॉक्सीचा थर दिलेले पिंप आले, आणि ॲल्युमिनियमच्या बाटल्या. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तराच्या दुकानात मी नेहमी जाते. काउंटरवर नक्षीदार, सोनेरी झाकणांच्या, काचेच्या काडीवाल्या बाटल्यांची रांग. चाचांनी मला वाळ्याचं अत्तर द्यायला मात्र काउंटरखालून पोचे पडलेली ॲल्युमिनियमची बाटली काढली.

"चाचा, ही वरची काय फक्त शोभेला?"

"बेटा, वरची गिऱ्हाइकासाठी. खालची अत्तरासाठी."

त्या नक्षीदार बाटल्यांबद्दल माझंही हेच म्हणणं आहे. काचेच्या घासून बसवलेल्या बुचातून वास सुटत राहतो, किंवा चिकट होऊन बूच असं अडकतं की काढताना बाटलीची मान हातात येते. हळदीकुंकवाला फाया लावण्यापुरतं त्यात चार थेंब काढावेत, समारंभ झाला की बाटली पुसून ठेवून द्यावी. निळ्या काचेच्या बाटल्याही अशाच. दिसायला फार गोड, पण कोबाल्टची निळी काच निळा प्रकाश आणि अतिनील किरणांचा बराच भाग आत जाऊ देते. तपकिरी काच 450 नॅनोमीटरच्या खालचा बहुतेक प्रकाश अडवते. औषधाच्या कंपन्यांनी तपकिरी रंग काही सौंदर्यासाठी निवडलेला नाही.

आता प्लास्टिक. मुलांच्या वाढदिवसाला हा प्रयोग करून बघा. चांगला तट्ट फुगवलेला फुगा घ्यायचा, त्याच्याजवळ संत्र्याची साल दुमडून पिळायची. सालीतून बारीक फवारा उडतो आणि फुगा फाटकन फुटतो. लिमोनिन रबर विरघळवतं. तेच तेल थर्माकोलवर टाकलं तर त्याला भोक पडत जातं. ड्रॉपर लावलेली तेलाची बाटली म्हणूनच मला पटत नाही. ड्रॉपरचं रबरी टोक सतत वाफेत राहतं, फुगतं, मऊ पडतं, शेवटी चिकट लगदा होऊन काचेच्या नळीवरून घसरतं आणि त्याचा अंश तेलात उतरतो. तरीही भेटीच्या सुबक डब्यांत ड्रॉपरच्याच बाटल्या असतात, कारण फोटो चांगला येतो. आत बारीक भोकाचं बूच बसवलेली आणि वरून कडक काळ्या झाकणाची बाटली दिसायला औषधाची वाटते, पण थेंबही नीट पडतो आणि तेलही टिकतं. झाकणाच्या आत पांढरा पातळ चकता असतो तो टेफ्लॉनचा किंवा पॉलिथिनच्या शंकूचा असावा. पुठ्ठ्याचा असेल तर तो तेल पीत राहतो.

उटीला जाणारा प्रत्येक मराठी माणूस निलगिरीचं तेल आणतो, चहा आणि चॉकलेटच्या बरोबरीने. रस्त्याकडेला मिळणारं ते बहुधा पातळ प्लास्टिकच्या बाटलीत असतं. घरी आणून ठेवलं की काही महिन्यांनी बाटलीची कुशी आत बसते, कुणी दाबून धरल्यागत, आणि बूच बंद असूनही कपाटातल्या रुमालांना वास लागतो. प्लास्टिकच्या भिंतीतून तेलाची वाफ बाहेर झिरपत असते, आतला प्राणवायू तेल खात असतं, मग भिंती आत ओढल्या जातात. तेलाचं काय झालं असेल ते निराळं सांगायला नको. घरी पोचल्या पोचल्या ते काचेत काढून ठेवलं तर पैसे वसूल.

अमृतधाराही काचेतच. भीमसेनी कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल, तिन्ही सुके खडे. समभाग घेऊन काचेच्या बाटलीत टाकले आणि बाटली हलवत राहिलं की आधी खड्यांच्या कडा ओलसर होतात, मग तळाशी एक थेंब जमतो, आणि बघता बघता तिन्ही घन पदार्थांचं पाणी होतं. बाहेरून एक थेंबही न घालता. एकमेकांत मिसळल्यावर त्यांचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो म्हणून असं होतं. मी हे कितीदा पाहिलं तरी मला कंटाळा येत नाही. शेजारच्या काकूंनी हेच प्लास्टिकच्या डबीत केलं होतं. डबीचं झाकण नंतर उघडेना, आणि उघडलं तेव्हा आटे बोटाला चिकटून आले.

उन्हाळ्याचं म्हणाल तर पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालचा माळा, गाडीचा डॅशबोर्ड, गॅसच्या वरचं कपाट या तीन जागा तेलासाठी बाद. निलगिरी आणि संत्र्याच्या तेलाची वाफ साधारण 50 अंशांच्या आसपास ठिणगीने पेट घेऊ शकते, म्हणून देवघरात समईशेजारीही ती नकोत. कापूर तिथे असतो म्हणून तेलही तिथेच, असं बऱ्याच घरांत दिसतं. फ्रिजमध्ये ठेवायला हरकत नाही, फक्त घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचं, नाहीतर श्रीखंडाला पुदिन्याचा वास येतो आणि घरचे बोलणी देतात. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडायची नाही; थंड काचेवर दव जमतं ते आत जातं. गुलाबाचं किंवा बडीशेपेचं तेल फ्रिजमध्ये थिजतं, त्यात काचेच्या सळयांसारखे स्फटिक दिसतात. ते बिघडलेलं नसतं. बाटली कोमट पाण्यात धरली की पुन्हा पातळ.

हे सगळं तेलाच्या भल्याचं झालं. माणसांच्या भल्याचं मला जास्त तळमळीने सांगायचंय. तपकिरी बाटली आणि खोकल्याचं औषध एकसारखं दिसतं. त्यातून आपली सवय अशी की रिकामी झालेली औषधाची बाटली फेकायची नाही, त्यात तेल भरायचं आणि पुन्हा औषधांच्याच फडताळात ठेवायचं, खोकल्याच्या औषधाच्या आणि ग्राइप वॉटरच्या ओळीत. रात्री दोन वाजता मूल खोकतंय, दिवे गेलेत, आजी चमचा भरते. कापूर आणि निलगिरीचं तेल लहान मुलांना अगदी थोडं पोटात गेलं तरी आकडी येऊ शकते. गुडघ्याला चोळायचं गंधपुऱ्याचं तेल तर त्याहून वाईट. चहाच्या एका चमच्यात, म्हणजे 5 मिली तेलात, जवळजवळ 7 ग्रॅम सॅलिसिलेट असतं. ॲस्पिरिनच्या वीसेक गोळ्या एका घोटात. म्हणून औषधाची जुनी बाटली तेलाला कधीच वापरायची नाही, तेलाचा डबा स्वयंपाकघर आणि औषधं दोन्हींपासून लांब, मुलांचा हात पोचणार नाही इतक्या उंच आणि कुलूप असेल तर कुलपात. चुकून पोटात गेलंच तर उलटी काढायच्या भानगडीत न पडता बाटली सोबत घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. बाटलीवर नाव असेल तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.

नाव आणि तारीख. मी पांढऱ्या चिकटपट्टीवर पेन्सिलीने लिहिते, कारण शाईवर तेलाचा ओघळ आला की ती फासली जाते आणि पुदिना की निलगिरी हे हुंगून ठरवावं लागतं. तेलाचं नाव, आणल्याचा महिना, उघडल्याचा महिना. उघडल्याचा महिना लिहिण्यात सगळी मेख आहे. ती तारीख समोर दिसली की बाटली ठेवणीतून निघते आणि वापरात येते.

एवढं करूनही संत्र्याचं एखादं तेल जुनं होतंच. ते बेसिनमध्ये ओतत नाही. काचेच्या बरण्यांवरच्या लेबलांचा डिंक काढायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही: हातमोजा घालायचा, खिडकी उघडायची, गॅस बंद आहे ना बघायचं, कापसावर थोडं तेल घेऊन डिंकावर पाच मिनिटं बसू द्यायचं, मग पुसून साबणाने धुवायचं. तो कापूस गोळा करून कचऱ्यात दाबायचा नाही, पसरून वाळवायचा आणि मग टाकायचा. लोणच्या-मुरंब्याच्या अशा स्वच्छ झालेल्या बरण्या बघून 'यातच तेल ठेवू का' असं विचारणारी एक मैत्रीण आहे माझी. नको. तोंड फार रुंद आहे.